लिन्यों नदीकाठचे एक गाव

स्मरणिकेसाठी लेख मागावयास संपादक मंडळातील दोघी भगिनी आमच्या घरी आल्या, तेव्हा विषयही त्यांनी ठरवूनच आणला होता. "बाई, तुम्ही मुलीकडे फ्रान्सला जाऊन आलात. पॅरिसवर लिहा. टॉवर, राजवाडे, चित्रांची दालने, सगळे येऊ द्या." मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हटले, "पॅरिसवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एका लहानशा गावावर लिहिले तर चालेल का? तेथे राजवाडा नाही, नामांकित चित्र नाही, आणि पाठ्यपुस्तकात यावी अशी लढाईही तेथे झालेली नाही." दोघींनी एकमेकींकडे पाहिले. शेवटी धाकटी म्हणाली, "मग त्या गावात आहे तरी काय?"

तिच्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नाही. म्हणून ते येथे लिहून देते.

गावाचे नाव ल शांबों-स्यूर-लिन्यों, म्हणजे लिन्यों नदीवरचे शांबों. नाव जिभेवर बसावयास मला दोन दिवस लागले. आपण ह्या लेखात नुसते शांबों म्हणू. नदीच्या वळणात सापडलेल्या सुपीक जमिनीला तिकडे शांबों म्हणतात, आणि गावही तसेच नदीच्या वळणावर वसलेले आहे.

माझी मुलगी ल्यों शहरात राहते. ल्योंहून सँत-एत्यॅन हे जुने कोळशाच्या खाणींचे शहर लागते, आणि तेथून सुमारे साठ किलोमीटर चढत गेले की आपण मध्य फ्रान्सच्या पठारावर येतो. शांबोंची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या जवळपास आहे. म्हणजे आपल्या लोणावळ्याहून बरेच उंच आणि महाबळेश्वराहून ठेंगणे. आसपासचे मोठे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखेच ज्वालामुखीच्या खडकाचे आहेत. त्यांतला मेझांक १७५३ मीटर उंच आहे आणि त्याच्याच उतारावर लिन्यों उगम पावते. फ्रान्समधली सर्वांत लांब नदी ल्वार हीदेखील ह्याच डोंगरांत जन्मते, आणि लिन्यों पुढे तिलाच जाऊन मिळते.

आम्ही गेलो ते उन्हाळ्याचे दिवस होते. पाइनची झाडे, हिरवी कुरणे, आणि जंगलात जांभळ्या रंगाची बारीक आंबटगोड फळे. मला वाटले, केवढे सुखाचे गाव! पण हिवाळ्यात येथे महिनोन् महिने बर्फ पडते. उत्तरेकडून एक बोचरा वारा येतो, त्याला तेथे ब्यूर्ल म्हणतात. तो बर्फ उडवून रस्त्यांवर त्याचे बांध घालतो आणि वाटा बुजवून टाकतो. जमीन हलकी, पीक राय आणि बटाट्याचे, जोडीला गाईगुरे. शेतकऱ्यांची घरे जाड दगडी भिंतींची आणि एकमेकांपासून दूरदूर. एका घरातून दुसऱ्या घराचा धूर दिसतो, पण हाक ऐकू जात नाही. भगिनींनो, ही भूगोलाची माहिती कंटाळवाणी वाटली तरी ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता इतिहास. मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. फळ्यावर मी दरवर्षी दोन साले लिहीत असे: १५९८, नांतचे फर्मान, १६८५, फर्मान रद्द. पहिल्याने फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांना आपल्या पंथाप्रमाणे उपासना करण्याची मुभा मिळाली, आणि दुसऱ्याने चौदाव्या लुई राजाने ती काढून घेतली. मुली ती दोन साले पाठ करीत, पेपरात लिहीत, आणि विसरून जात. खरे सांगावयाचे तर मीही त्यापलीकडे कधी गेले नव्हते.

शांबोंचे आणि आसपासच्या पठारावरचे बरेचसे लोक सोळाव्या शतकातच प्रॉटेस्टंट झाले होते. १६८५ नंतर त्यांची प्रार्थनामंदिरे पाडली गेली, पाद्र्यांना देश सोडावा लागला. चोरून उपासना करताना सापडलेल्या पुरुषांना राजाच्या गलबतांवर वल्ही मारण्याच्या शिक्षेवर धाडीत, आणि बायकांना तुरुंगात. लोक रात्री जंगलात, दरीखोऱ्यांत जमून प्रार्थना करीत. कोणाच्या घरी पाद्री लपला आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असे, पण तो बोलत नसे. हे शंभर वर्षे चालले. १७८७ साली कायद्याने त्यांना थोडी सवलत मिळाली आणि राज्यक्रांतीनंतर पुरते स्वातंत्र्य मिळाले.

ह्या काळातल्या एका बाईची गोष्ट त्या प्रदेशातल्या मुलांना आजही सांगतात. तिचे नाव मारी द्युराँ. शांबोंच्या पूर्वेला डोंगर उतरून गेले की जो विव्हारे प्रांत लागतो, तेथली ही मुलगी. तिचा भाऊ पाद्री होता, आणि तो पुढे फासावर गेला. १७३० साली हिला पकडून दक्षिणेकडे समुद्राजवळच्या एग्-मोर्त येथील बुरुजात कोंडले. तेव्हा तिचे वय एकोणीसच्या आसपास होते. "मी माझा पंथ सोडते" एवढे शब्द उच्चारले असते तर बुरुजाचे दार उघडले असते. ते तिने उच्चारले नाहीत. ती १७६८ साली सुटली. म्हणजे अडतीस वर्षे! त्या बुरुजात एका दगडावर "प्रतिकार करा" अशा अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे, आणि तो तिनेच कोरला असे लोक मानतात.

एखाद्या गावाने दोनशे वर्षे अशा गोष्टी आजीच्या तोंडून ऐकल्या म्हणजे त्या गावाच्या अंगी काय मुरते, ते पुढे १९४० साली दिसले.

त्यापूर्वी आणखी एक लहानशी गोष्ट घडली होती. १८९३ साली सँत-एत्यॅनच्या लुई कोंत नावाच्या पाद्र्याने खाणकामगारांची आजारी, फिकुटलेली मुले हवापालटासाठी ह्या पठारावर आणावयास आरंभ केला. शेतकऱ्यांच्या बायका ती मुले घरी ठेवून घेत. दूध, बटाटे, मोकळी हवा, आणि त्याबद्दल थोडा मोबदला. १९०२ साली अरुंद रुळांची आगगाडी शांबोंपर्यंत आली आणि उन्हाळ्यात शहरातले पाहुणेही येऊ लागले. खाणावळी निघाल्या, मुलांची वसतिगृहे निघाली. परक्याचे मूल घरात घेणे, त्याला न्हाऊमाखू घालणे आणि त्याचे नाव-गाव फारसे न विचारणे ह्याची त्या बायकांना अशा रीतीने दोन पिढ्यांची सवय झाली.

१९३४ साली आंद्रे त्रोक्मे नावाचा पाद्री शांबोंस आला. युद्ध हे पाप आहे असे मानणारा आणि ते उघड बोलणारा हा मनुष्य. त्याची पत्नी माग्दा इटलीतील फ्लॉरेन्सची. चार मुले, ओढग्रस्तीचा संसार, घरात सदा पाहुण्यांची वर्दळ. १९३८ साली त्रोक्मे आणि एदुआर तेइस ह्या दोन पाद्र्यांनी गावात एक विद्यालय काढले. माग्दाबाई तेथे इटालियन शिकवीत.

जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला. २२ जूनला तहावर सह्या झाल्या. दक्षिणेकडचा भाग मार्शल पेताँच्या व्हिशी सरकारकडे राहिला, पण ते सरकार हिटलरच्या कलानेच चाले. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, शांबोंच्या प्रार्थनामंदिरात दोघा पाद्र्यांनी सांगितले की, आपल्या विवेकाविरुद्ध आज्ञा झाली तर ती पाळावयाची नाही, आणि तिला विरोध करावयाचा तो शस्त्राने नव्हे, आत्मबळाने. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने ज्यूंविरुद्ध कायदा केला. त्यांना नोकऱ्यांतून काढले, आणि परदेशातून पळून आलेल्या ज्यूंना छावण्यांत कोंडण्यास आरंभ झाला.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पाद्रीघराचे दार वाजले. माग्दाबाई स्वयंपाकघरात होत्या. दारात एक बाई उभी होती. अंगावर बर्फ, पायांतले जोडे भिजून चिंब. ती म्हणाली, मी जर्मन ज्यू आहे, जीव वाचवून पळत आले आहे, आत येऊ का? माग्दाबाई म्हणाल्या, "अर्थातच, या. आत या." तिला चुलीजवळ बसवले, खावयास दिले. ओले जोडे सुकावे म्हणून भट्टीत ठेवले आणि त्या तिच्यासाठी कागदपत्रांची सोय पाहावयास गावच्या कचेरीत गेल्या. त्यांना वाटले, आपल्या गावचा मेयर, तो काही ना काही मदत करील. तो उलट चिडला. एका परदेशी बाईसाठी तुम्ही सारे गाव धोक्यात घालणार का, उद्याच्या उद्या तिला घालवा, असे त्याने बजावले. माग्दाबाई परत येऊन पाहतात तो भट्टीतले जोडे जळून गेलेले! त्या टंचाईत दुसरे जोडे मिळवणे हे एक संकटच होते, अशी आठवण सांगतात.

भगिनींनो, ही गोष्ट मी प्रथम ऐकली तेव्हा त्या जळलेल्या जोड्यांनीच मला तिच्या खरेपणाची खात्री पटवली. थोरामोठ्यांच्या चरित्रांत जोडे कधी जळत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात मात्र असे रोज काही ना काही होते.

त्या पाहुणीला माग्दाबाईंनी दुसऱ्या ओळखीच्या घरी पोहोचते केले. पण त्या एक धडा शिकल्या. चांगले काम करावयाचे असेल तर कचेरीत विचारावयास जाऊ नये! त्यानंतर येणाऱ्यांची रीघ लागली. आणि आता ती भूगोलाची माहिती कामास आली. दूरदूरची शेतघरे, दाट जंगल, बर्फाने बंद होणाऱ्या वाटा, हंगाम नसताना रिकाम्या पडलेल्या खाणावळी, मुलांची जुनी वसतिगृहे. लपवावयास ह्याहून चांगली जागा कोणती? स्विस संस्था, क्वेकर मंडळी आणि इतर साह्यकर्त्यांनी पैसा पुरवला. मे १९४१ मध्ये ला गेस्पी नावाचे मुलांचे घर सुरू झाले. ते चालवणारी बाई ज्युलिएत उसाक ही स्वतःच स्पेनमधून निर्वासित होऊन आलेली डॉक्टर होती. छावण्यांतून सोडवून आणलेली मुले अशा घरांत राहू लागली आणि गावातल्या मुलांबरोबर शाळेत जाऊ लागली.

त्या उन्हाळ्यातली देवळाच्या घंटेची एक गोष्ट सांगते. १ ऑगस्ट १९४१ रोजी सरकारने एका समारंभासाठी देशभरातल्या देवळांच्या घंटा वाजवण्याचा हुकूम काढला. त्रोक्मेंनी घंटा सांभाळणाऱ्या आमेली नावाच्या बाईला सांगितले की, वाजवू नकोस. नंतर चौकशी केली, तर ती म्हणाली, मी वाजवली नाहीच. उन्हाळ्यासाठी आलेल्या काही बायका वाजवा म्हणून अडून बसल्या होत्या, त्यांनाही तिने सांगितले होते की, घंटा देवाची आहे, मार्शलची नाही. आमेली काही पुढारी नव्हती. देऊळ झाडणारी, दिवाबत्ती पाहणारी बाई. तेवढे बोलून ती आपल्या कामाला लागली.

जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे तेरा हजार ज्यूंना धरले. त्यांत चार हजारांवर मुले होती. पुढच्याच महिन्यात, १० ऑगस्टला, सरकारचे युवकखात्याचे प्रमुख लामिराँ शांबोंच्या भेटीस आले. विद्यालयातल्या मोठ्या मुलांनी त्यांच्या हातात एक पत्र ठेवले. पॅरिसमध्ये काय झाले ते आम्हांला कळले आहे, ज्यू आणि इतर असा भेद आम्ही मानत नाही, आणि आमच्या सोबत्यांना न्यावयास कोणी आले तर आम्ही त्यांना लपवू, असा त्याचा आशय होता. कल्पना करा, विद्यार्थी हे लिहून देतात आणि गावातल्या आया त्यांना गप्प बसवीत नाहीत!

पंधरवड्यातच पोलीस बसगाड्या घेऊन आले. त्यांनी त्रोक्मेंकडे ज्यूंची यादी मागितली. ज्यू म्हणजे काय ते आम्हांला ठाऊक नाही, आम्ही फक्त माणसे ओळखतो, असे त्यांनी आधीच अधिकाऱ्यांना सांगून टाकले होते. यादी मिळाली नाही. रात्रीच निरोप शेतघरांतून फिरला होता. मुले जंगलात, माणसे गवताच्या माळ्यांवर. पोलिसांनी कित्येक दिवस घरे धुंडाळली, पण आणलेल्या बसगाड्या जवळजवळ रिकाम्याच गेल्या.

ह्याचा अर्थ असा नव्हे की शांबोंला किंमत द्यावी लागली नाही. १३ फेब्रुवारी १९४३ च्या संध्याकाळी दोन पोलीस पाद्रीघरी आले. त्रोक्मे घरी नव्हते. माग्दाबाईंनी त्यांना बसवून घेतले. पती आल्यावर त्यांना अटक करण्यासाठीच ते आले आहेत हे कळले. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून बाईंनी त्या पोलिसांनाही आपल्या टेबलावर जेवावयास बसवले. पुढे लोकांनी विचारले, नवऱ्याला न्यावयास आलेल्यांना तुम्ही जेवू कसे घातले? त्यांना प्रश्नच नीट कळेना. जेवणाची वेळ होती, माणसे घरात होती, मग काय करावयाचे? तेवढ्यात बातमी पसरली आणि शेजारीपाजारी रांगेने आले. कोणी मेणबत्ती आणली, कोणी माशांचा डबा, कोणी गरम कपडे. युद्धाच्या टंचाईतल्या त्या भेटी, महिनोन् महिने जपून ठेवलेल्या. त्रोक्मे, तेइस आणि गावचे शिक्षक रोजे दार्सिसाक ह्या तिघांना छावणीत नेले. महिन्याभराने सोडताना मार्शलच्या सरकारच्या आज्ञा पाळण्याची हमी लिहून मागितली. दोघा पाद्र्यांनी सही नाकारली, तरी दुसऱ्या दिवशी त्यांना सोडून दिले.

सर्वांत मोठा घाव २९ जून १९४३ रोजी बसला. मेझों दे रोश नावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर गेस्टापोने पहाटे छापा घातला आणि अठरा विद्यार्थी नेले. वसतिगृहाचे प्रमुख दानिएल त्रोक्मे हे आंद्रे त्रोक्मेंचे नात्यातले, तरुण शिक्षक. माझी मुले आहेत, मी त्यांच्याबरोबर जाणार, अशा वृत्तीने तेही गेले. एप्रिल १९४४ मध्ये पोलंडमधील मायदानेकच्या छावणीत त्यांचा अंत झाला. त्या विद्यार्थ्यांपैकीही काही परत आले नाहीत. पुढच्या वर्षी, २० ऑगस्ट १९४४ रोजी, गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए ह्यांना ल्योंजवळ जर्मनांनी गोळ्या घातल्या. ल्यों स्वतंत्र व्हावयास तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

ह्या दिवसांत गावच्या हॉटेलांत जखमी जर्मन सैनिक बरे होण्यासाठी येऊन राहत असत. एका घरात जर्मन सैनिक आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्या घरात ज्यू मुले, असा तो प्रकार होता. ऑस्कर रोसोव्स्की नावाचा एकोणीस-वीस वर्षांचा ज्यू तरुण एका शेतघरात बसून खोटी ओळखपत्रे आणि रेशनकार्डे करी, आणि शेतकरी ती मधमाश्यांच्या पेट्यांत दडवी. मिरेइ फिलिप ह्या बाईंनी निर्वासितांना स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपार पोहोचवण्याची गुप्त वाट बांधण्यात मोठा भाग घेतला. त्यांचे पती तेव्हा लंडनला द गोलच्या बाजूस होते. त्याच सुमारास शांबोंपासून चार-पाच किलोमीटरवर एक क्षयरोगी लेखक हवापालटासाठी येऊन राहिला होता. तो आल्बेर काम्यू. त्याच्या "प्लेग" ह्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा बराच भाग त्याने ह्याच मुक्कामात लिहिला.

एकट्या शांबोंचेच हे काम नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ताँस, माझे, सँत-आग्रेव्ह अशी पठारावरची आणखी गावे त्यात होती. प्रॉटेस्टंटांबरोबर काही कॅथलिक होते, आणि कोणत्याच पाद्र्याला न मानणारे कडक पंथाचे शेतकरीही होते. सगळेच काही अहिंसावादी नव्हते, काही तरुण बंदुका घेऊन जंगलात गेले. काही घरांनी पाहुण्यांकडून राहण्या-जेवणाचे पैसेही घेतले, कारण घरात त्यांनाही खावयास पुरेसे नव्हते. मला वाटते, ह्यामुळे त्यांचे मोल कमी होत नाही. पैसे घेऊन का होईना, पोलीस केव्हाही येतील अशा घरात परक्याला झोपू देणे सोपे नाही.

किती जीव वाचले? पूर्वी पाच हजारांचा आकडा सांगत. अलीकडच्या अभ्यासकांनी तो बराच खाली आणला आहे. नेमकी मोजणी होणे कठीणच, कारण यादी करणे म्हणजे पोलिसांच्या हाती पुरावा देणे, म्हणून कोणी यादी ठेवलीच नाही. १९७९ साली येथे वाचलेल्या ज्यूंनी प्रार्थनामंदिरासमोर कृतज्ञतेची पाटी बसवली. १९९० साली यरुशलेमच्या याद वाशेम संस्थेने शांबों आणि आसपासच्या गावांचा मिळून गौरव केला. एखाद्या व्यक्तीचा नव्हे, अवघ्या गावाचा असा गौरव होणे ही फार विरळा गोष्ट आहे. मंदिरासमोरच्या जुन्या शाळेत २०१३ पासून एक स्मृतिसंग्रहालय आहे. मात्र त्रोक्मे-तेइस ह्यांचे विद्यालय २०१४ साली बंद पडले, आणि १९०२ ची ती आगगाडी तर १९६८ सालीच थांबली. गावची वस्ती आज अडीच हजारांच्या आतबाहेर आहे.

२०२१ च्या जानेवारीत शांबोंचे नाव पुन्हा एकदा वृत्तपत्रांत आले. एरिक श्वाम नावाचे एक गृहस्थ डिसेंबर २०२० मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. १९४३ साली ते आईवडिलांबरोबर निर्वासित म्हणून शांबोंस आले होते आणि तेथेच शिकले होते. पुढे ते दुसरीकडे राहावयास गेले, पण मृत्युपत्रात आपली सुमारे वीस लाख युरोंची ठेव त्यांनी ह्या गावाला लिहून ठेवली. मुलांच्या शिक्षणासाठी ती खर्च व्हावी अशी त्यांची इच्छा होती. जेवू घातलेल्या एका मुलाने सत्तर-ऐंशी वर्षे ते जेवण लक्षात ठेवले!

गावातील म्हाताऱ्या माणसांना पुढे लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारले. तुम्हांला भीती वाटली नाही का? हे धैर्य कोठून आले? ह्या प्रश्नांनी ती माणसे अवघडून जात. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. माग्दाबाईसुद्धा म्हणत की, आम्ही काही ठरवून बसलो नव्हतो, दार वाजले तेव्हा ठरवावे लागले. त्या १९९६ साली निवर्तल्या.

आता माझे स्वतःचे थोडे सांगते. ते सांगावयाचे म्हणूनच हा विषय मी निवडला.

२६ जुलै २००५ चा पाऊस आपणा सर्वांच्या ध्यानात आहे. त्या रात्री दहाच्या सुमारास आमच्या दारावर थाप पडली. वीज गेलेली. मी मेणबत्ती घेऊन दाराशी गेले आणि साखळी न काढता दार बोटभर उघडले. बाहेर एक मुलगी उभी होती, कमरेपर्यंत चिखलाने माखलेली. गाड्या बंद, फोन लागत नाही, रात्रीपुरता आसरा द्या, म्हणाली. आणि मी साखळीआडून तिची उलटतपासणी सुरू केली. नाव काय? आडनाव काय? कोठे राहतेस? कामाला कोठे? अशा रात्री कोणीही घरात शिरेल, असे माझ्या मनात आले होते. मी दुष्टपणाने विचारले असे नाही, पण विचारले खरे, आणि आडनावाशी तर जरा थांबलेही. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडाचे दार उघडले. समोरच्या आजी, आपल्या मंडळाच्या जुन्या सभासद, कंदील हातात धरून उभ्या होत्या. त्या मुलीला म्हणाल्या, "आधी आत ये ग. नाव मग सांग." मुलगी त्यांच्याकडे गेली. मी साखळी काढली तोवर समोरचे दार लागलेही होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे पिठले-भात घेऊन गेले. आजी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, पुढेही कधी नाही. त्या आज आपल्यात नाहीत. त्यांनी शांबोंचे नावही कधी ऐकले नसेल. पण त्या परक्या गावातल्या अरुंद गल्लीत, जुन्या पाद्रीघरासमोर मी उभी राहिले तेव्हा मला आठवण झाली ती त्यांच्या कंदिलाची आणि माझ्या साखळीची.

अतिथीला आपण देव म्हणतो, सत्यनारायणाच्या दिवशी तर आवर्जून म्हणतो. पण ज्याच्या येण्याने घरच्या कर्त्या माणसाला बेड्या पडतील, मुलांच्या तोंडचा घास अर्धा होईल, अशा अतिथीला शांबोंच्या बायकांनी चार हिवाळे घरात ठेवले. आणि नाव त्यांनी मग विचारले, काहींनी तर विचारलेच नाही. कारण नाव माहीत नसले म्हणजे पोलिसांना सांगावे लागत नाही.

संपादक मंडळातल्या धाकट्या भगिनीने विचारले होते, त्या गावात आहे तरी काय? नदी आहे, पाइनची झाडे आहेत, बोचरा वारा आहे, आणि एक साधे दगडी प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या दारावर माणसांनी एकमेकांवर प्रेम करावे अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. पाहण्यासारखे म्हणावे तर इतकेच.

आमच्या दाराची साखळी अजून आहे. शहरात ती लागते, आणि मी ती काढून टाकली असे खोटे सांगणार नाही. पण दारावर थाप पडली की हल्ली मी आधी "कोण आहे?" असे विचारते आणि त्याला जोडून लगेच "थांबा हं, उघडते" असेही म्हणते. ह्या वयात एवढीच सुधारणा झाली आहे.